हिकपचा टाइप कोणता?

मेसमध्ये भांडण व्हायला फार मोठं कारण लागत नाही. पंख्याखालची जागा, डब्यातली शेवटची चपाती, भाजीतले फक्त बटाटे, काहीही चालतं. पण मागच्या सेमिस्टरला आमच्या टेबलावर सलग चार रात्री जे भांडण चाललं, त्याचा विषय रेक्टर मॅडमना कळला असता तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता. विषय होता, एका ॲनिमेशन सिनेमातल्या व्हायकिंग पोराचा स्वभाव! त्या भांडणातून मी बरंच काही शिकले. म्हणून हा अभ्यासलेख.

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी एक पेपर, तोही आजीने मानगुटीवर बसून करून घेतलेला. तेव्हा मित्रमैत्रिणींनो आणि सरमॅडम, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषयाच्या चुका मात्र जरूर दाखवा.

माझी चार अक्षरं

सगळं सुरू झालं प्लेसमेंटच्या तयारीसाठी झालेल्या एका दिवसाच्या वर्कशॉपपासून. ट्रेनर सरांनी एक प्रश्नावली वाटली. 'पार्टीनंतर तुम्हाला ताजंतवानं वाटतं की थकल्यासारखं?' असले प्रश्न. तासाभराने प्रत्येकाच्या हातात चार अक्षरं पडली. मला मिळाली आयएनटीपी. आठ दिवसांत आख्ख्या हॉस्टेलला त्याची लागण झाली. रूमच्या दारावर नावाखाली चार अक्षरं लिहिलेले कागद लागले. कोणी बादली परत केली नाही तरी "अगं, ती पी आहे ना!" असं स्पष्टीकरण मिळायला लागलं.

माझ्या चार अक्षरांतलं पहिलं 'आय', म्हणजे इन्ट्रोव्हर्ट, अंतर्मुख. खरं सांगते, मला ते वाचून बरं वाटलं. ग्रुप डिस्कशनमध्ये मी गप्प का बसते, याचं छापील उत्तरच मिळालं होतं.

मग आला मिनी प्रोजेक्ट. आम्ही केला पायाने चालणारा नळ. वर्कशॉपमध्ये हात ग्रीसने बरबटलेले असतात, त्याच हाताने नळ धरायचा आणि मग नळही बरबटायचा, म्हणून. खाली पेडल, पेडलपासून वर सायकलच्या ब्रेकची केबल, आणि ती केबल नळाचा लिव्हर ओढणार. मेकॅनिझम माझं होतं. पहिल्या ट्रायलला आम्ही रिटर्न स्प्रिंग पेडलपाशी लावली. पाय काढला की पेडल झकास वर यायचं, पण नळ उघडाच! कारण केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. पेडल वर आलं की ती ढिली पडते आणि लिव्हर आहे तिथेच राहतो. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर मी स्प्रिंग काढून वर नळाच्या लिव्हरपाशी लावली. मग पाय काढला की स्प्रिंग नळ बंद करायची आणि तीच केबल मागे खेचून पेडलही वर आणायची.

प्रेझेंटेशन कोण करणार, हे ठरायला एक मिनिटही लागलं नाही. "तू आय आहेस ना, तू रिपोर्ट लिही. ही ई आहे, ही बोलेल." मी आनंदाने मान डोलावली. एक्स्टर्नल सरांनी नळ दाबून पाहिला आणि नेमकं विचारलं, "स्प्रिंग पेडलपाशी का नाही लावली?" आमची 'ई' गडबडली आणि म्हणाली, "सर, तिथे जागा नव्हती." मी मागे उभी होते. उत्तर तोंडावर आलं होतं. बोलले नाही. सरांनी काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलावर गेले. माझा दोन संध्याकाळींचा शोध 'जागा नव्हती' या दोन शब्दांवर संपला. त्यात मैत्रिणीची काहीच चूक नाही. तिला ते कारण मी सांगितलंच नव्हतं.

त्याच शनिवारी रात्री लॅपटॉपवर आम्ही 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' पाहिला.

आधी थोडी थिअरी

भांडणाकडे वळण्याआधी या चार अक्षरांचा इतिहास पाहू. तो आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता.

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मानसिक प्रकारांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द लोकांच्या तोंडी बसले ते त्यातून. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी युंगचा तो विचार घेतला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याची प्रश्नावली बनवली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. इसाबेल तर त्याआधी रहस्यकथा लिहायच्या! ही प्रश्नावली म्हणजेच मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर, थोडक्यात एमबीटीआय. तिच्यात चार जोड्या आहेत.

पहिली जोडी आय आणि ई. मन आत रमतं की बाहेर? एकटं बसल्यावर ताजंतवानं वाटतं की चार माणसांत?

दुसरी जोडी एस आणि एन. एस म्हणजे समोर दिसतं, हाताला लागतं त्यावर भर. एन म्हणजे त्यामागचा पॅटर्न, पुढची शक्यता यांवर भर. इन्ट्यूशनसाठी 'एन' का, असं आमच्या ज्युनियरने विचारलं. कारण 'आय' आधीच वापरून झाला होता!

तिसरी जोडी टी आणि एफ. निर्णय घेताना आधी तर्काचा काटा लावता की माणसांचा आणि मूल्यांचा?

चौथी जोडी जे आणि पी. बाहेरचं जगणं आखीव हवं की मोकळं? ही जोडी युंगच्या मूळ मांडणीत अशी नव्हती, मायलेकींनी घातली.

चार जोड्या, प्रत्येकीत दोन पर्याय, म्हणजे दोनाचा चौथा घात, सोळा टाइप. कॉम्प्युटरवाल्यांसाठी सांगायचं तर माणूस म्हणजे चार बिटांचा नंबर!

इथे तीन गैरसमज हमखास होतात आणि आमचेही झाले. आय म्हणजे लाजाळू किंवा मुका नव्हे. एफ म्हणजे रडका नव्हे, एफवालासुद्धा विचार करूनच निर्णय घेतो, फक्त त्याचा काटा वेगळा असतो. आणि टी म्हणजे दगड नव्हे. हे तीन मुद्दे भांडणाच्या पहिल्या रात्री माहीत असते, तर आमचं एक जेवण तरी गरम खाऊन झालं असतं.

हिकप कोण?

सिनेमा २०१० चा, ड्रीमवर्क्सचा. दिग्दर्शक ख्रिस सँडर्स आणि डीन डेब्लॉइस. मूळ कल्पना क्रेसिडा काउएल यांच्या २००३ च्या पुस्तकाची. पुढे २०१४ आणि २०१९ मध्ये दोन भाग आले आणि २०२५ मध्ये खऱ्या नटांना घेऊन पहिल्याच भागाचा नवा सिनेमा निघाला. आमचं भांडण फक्त २०१० च्या ॲनिमेशनबद्दल होतं, हा नियम आधीच ठरला होता.

बर्क नावाचं बेट. तिथे ड्रॅगन येऊन मेंढ्या पळवतात, व्हायकिंग त्यांना मारतात. गावचा प्रमुख स्टॉइक म्हणजे दाढीवाला डोंगर. त्याचा मुलगा हिकप म्हणजे काडी. त्याला कुऱ्हाड पेलवत नाही, म्हणून तो गॉबर नावाच्या लोहाराच्या हाताखाली भट्टीवर काम करतो. स्वतः बनवलेल्या यंत्राने एका रात्री तो नाइट फ्युरी जातीचा ड्रॅगन पाडतो. दुसऱ्या दिवशी जंगलात तो दोरांत गुरफटलेला सापडतो, सुरी उगारतो, आणि मारायच्या ऐवजी दोर कापून मोकळा करतो. ड्रॅगनच्या शेपटीचा एक पंख तुटलेला असतो, त्यामुळे त्याला उडता येत नाही. हिकप त्याला टूथलेस नाव देतो आणि भट्टीवर त्याच्यासाठी नवा पंख घडवतो. पुढची गोष्ट ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी आधी सिनेमा पाहावा. मी शेवट सांगणार आहे, नंतर तक्रार चालणार नाही.

चार रात्री, चार जोड्या

बाजू अशा होत्या. मी मेकॅनिकलची, माझं म्हणणं हिकप आयएनटीपी, म्हणजे माझाच टाइप. (आवडता हिरो आपल्याच टाइपचा निघतो, हा योगायोग सगळ्यांच्याच बाबतीत घडत होता हे लक्षात घ्या.) माझी रूममेट नागपूरची, कॉम्प्युटरला. तिच्या मते आयएसएफपी. सिव्हिलची सांगलीकर म्हणत होती ईएनएफपी. इलेक्ट्रॉनिक्सच्या ज्युनियरचं मत रोज बदलायचं. नियम एकच आणि तो नागपूरने घातला: नुसतं 'मला वाटतं' चालणार नाही, सीन दाखव.

पहिली रात्र, आय की ई. मी म्हटलं, यात काय वाद? भट्टीच्या मागे त्याची स्वतःची छोटी खोली आहे, तिथे एकटा बसून चित्रं काढतो. ट्रेनिंगमध्ये ड्रॅगनना हरवायला लागल्यावर सगळं गाव त्याच्याभोवती गोळा होतं, तेव्हा तो काहीतरी निमित्त काढून पळतो आणि टूथलेसकडे जातो. सांगलीकर म्हणाली, "अगं, पण तो बोलतो किती! सिनेमाची सुरुवातच त्याच्या बडबडीने होते. प्रत्येक वाक्याला टोमणा." हे खरं होतं. हिकप गप्प नाहीच. फक्त त्याचं कोणी ऐकत नाही.

मी म्हटलं, "पण चारचौघांत उभं राहून बोलणं वेगळं. ते आयला जमत नाही." नागपूर शांतपणे म्हणाली, "काहून? रिंगणातला सीन आठव."

तो सीन असा. ट्रेनिंगची शेवटची परीक्षा. सगळं गाव वर बसलेलं, बाप मध्यभागी. हिकपने सगळ्यांदेखत ड्रॅगन मारायचा आहे. तो हातातली शस्त्रं आणि ढाल टाकतो, डोक्यावरचं शिरस्त्राण काढून फेकतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो की मी तुमच्यासारखा नाही. आख्ख्या सिनेमात यापेक्षा जास्त लोकांसमोर दुसरं कोणी बोललेलं नाही.

"मग तो ई झाला का?" मी विचारलं. "नाही," नागपूर म्हणाली, "आयच आहे. पण त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं, म्हणून बोलला. आय-ईचा त्याच्याशी काय संबंध?" त्या रात्री मला वरणभात गिळवेना. माझ्या डोळ्यांसमोर नळ होता.

दुसरी रात्र, एस की एन. नागपूरचा पुरावा जबरदस्त. टूथलेस उडू का शकत नाही, हे हिकपला कळतं ते निरीक्षणातून. वर बसून तो वहीत त्याचं चित्र काढतो, आधी शेपटीला दोन्ही पंख काढतो. मग नीट बघतो आणि अंगठ्याने एक पंख पुसून टाकतो. हा शुद्ध एस. ड्रॅगनला कुठे खाजवलं की तो लोळतो, कोणत्या गवताने गुंगतो, कोणता मासा त्याला नको असतो, सगळं हाताने तपासलेलं. मी एनची बाजू लढवली: एक छोटासा ड्रॅगन मासा खाऊन त्याच्या अंगाला टेकून झोपतो, आणि तेवढ्यावरून हा पठ्ठ्या म्हणतो की ड्रॅगनांबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते सगळंच चूक. एका रीडिंगवरून ग्राफ! आमच्या लॅबमध्ये असं केलं असतं तर जर्नल परत आलं असतं. निकाल बरोबरीत.

तिसरी रात्र, टी की एफ. दोर कापला तो एफने, यावर सगळ्यांचं एकमत. पुढे ॲस्ट्रिड खोदून विचारते तेव्हा तो सांगतो की तोही माझ्याइतकाच घाबरलेला दिसला, त्याच्यात मला मी दिसलो. यात गणित कुठेच नाही. पण शेवटच्या लढाईतला हिकप बघा. समोर डोंगराएवढा ड्रॅगन. हिकपला आठवतं की आगीसाठी तोंडात गॅस भरलेला असताना आत ज्वाळा गेली तर ड्रॅगन आतून भाजतो. हे त्याने आधी त्या छोट्या ड्रॅगनच्या बाबतीत पाहिलेलं असतं. मग तो या महाकाय ड्रॅगनला ढगांत नेतो, त्याचे पंख फाडतो, सूर मारायला लावतो आणि नेमक्या क्षणी टूथलेसला त्याच्या तोंडात मारा करायला सांगतो. आधीचं निरीक्षण, त्यावर अंदाज, मग वापर. याला टी नाही म्हणायचं तर कशाला? पुन्हा बरोबरी.

चौथी रात्र, जे की पी. हा मला सगळ्यांत आवडलेला सीन. पंख तयार झाल्यावर हिकप जोराच्या वाऱ्यात टूथलेसला दोराने बांधून ट्रायल घेतो. पायाखालच्या पेडलने शेपटीचा पंख उघडतो-मिटतो (पेडल! मी उगाच या सिनेमाच्या प्रेमात पडले नाही). कोणत्या वळणाला पंख कसा ठेवायचा, हे तो एका कागदावर काढून खोगिराला अडकवतो. परीक्षेच्या चिटसारखं. हा झाला जे. मग उंच आकाशात कागद सुटतो, दोघं वेगळे होऊन खाली पडायला लागतात, कसेबसे पुन्हा जुळतात, समोर खडकांचे सुळके. कागद वाऱ्यात फडफडतोय, वाचता येत नाही. हिकप तो सोडून देतो आणि पायाला जे जाणवेल त्यावर उडतो. हा झाला पी. पण मला विचाराल तर आधी कागद केला म्हणूनच तो सोडता आला. ट्रायल न घेता कागद फेकणाऱ्याला आपल्याकडे केटी लागते.

चार रात्रींनंतरचा निकाल: आय नक्की, बाकी तिन्ही अक्षरं अर्धी-अर्धी. चौघींचे चार टाइप होते, आणि ते चारही बरोबर होते किंवा चारही चूक.

मोजपट्टीची परीक्षा

इंजिनियरला रीडिंग जुळेना की तो इन्स्ट्रुमेंट तपासतो. मीही लायब्ररीत बसून तेच केलं. तीन गोष्टी सापडल्या.

एक. माणसांचे स्वभाव दोन डब्यांत पडत नाहीत. आय-ईची मोजणी केली तर बहुतेक माणसं मधे कुठेतरी येतात, दोन टोकांना दोन ढीग दिसत नाहीत. मधोमध रेघ मारली की रेघेच्या अल्याड-पल्याड उभी असलेली दोन माणसं, जी जवळजवळ सारखी आहेत, वेगवेगळ्या अक्षरांची होतात. म्हणूनच काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं निदान एक अक्षर बदलतं. व्हर्नियर जर दर महिन्याला त्याच नटचं वेगळं माप देत असेल तर आपण तो स्टोअरला परत करतो. आजचे संशोधक बहुधा पाच मोठे गुण घेतात आणि प्रत्येकाचं प्रमाण सांगतात, डबा सांगत नाहीत.

दोन. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. ते कितपत जुळतं, याला ५ पैकी मार्क द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग सरांनी सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही भविष्याच्या पुस्तकातून जमवलेला! कोणालाही लागू पडेल असं गोड आणि गोलमाल वर्णन आपल्याला खास आपलं वाटतं. माझ्या आयएनटीपीच्या कागदावर 'तुमच्यात न वापरलेली क्षमता आहे' असं होतं. मेसच्या काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "अगदी माझंच लिहिलंय."

तीन. ज्या कंपनीकडे एमबीटीआयचे हक्क आहेत ती स्वतःच सांगते की नोकरीसाठी माणसं निवडायला ही चाचणी वापरू नये. प्लेसमेंटच्या तयारीत ही अक्षरं मिरवणाऱ्या आम्हा सगळ्यांसाठी ही बातमीच होती.

मग ही चार अक्षरं टाकाऊ का? मला तसं वाटत नाही. त्यांच्यामुळे आम्ही चौघी एका मुलाकडे चार रात्री बारकाईने पाहत बसलो. प्रश्न म्हणून ती चांगली आहेत. उत्तर म्हणून दारावर चिकटवली की घोटाळा होतो.

दोन वह्या

हे सगळं समजायला खरं तर लायब्ररीत जायची गरज नव्हती, सिनेमातच आहे. बर्कमध्ये ड्रॅगनांची माहिती देणारं एक जाडजूड पुस्तक आहे. प्रत्येक ड्रॅगनची जात, ताकद, हल्ल्याची रीत, आणि शेवटी बहुतेक पानांवर तीच सूचना: दिसताक्षणी मारा. नाइट फ्युरीच्या पानावर चित्रच नाही, वेग माहीत नाही, आकार माहीत नाही, फक्त लपून राहण्याचा सल्ला. पिढ्यान्पिढ्या लोक ते पुस्तक वाचत आले आणि ड्रॅगनकडे बघायचं राहून गेलं. एकदा लिहिलं की बघायचं कशाला?

हिकप त्या रिकाम्या पानावर स्वतःची वही उघडून ठेवतो. तीच वही, जिच्यात त्याने अंगठ्याने पंख पुसला होता. माझ्या मते सगळ्या सिनेमाचा अर्थ या दोन वह्यांत आहे. एका वहीतलं कोणी खोडत नाही. दुसरीतलं चुकलं तर खोडता येतं, कारण लिहिणारा अजून समोर बघतोय.

आणि हिकपवरही शिक्का होताच की. बिनकामाचा. तो शिक्का मारणारे वाईट नव्हते, त्याचा बाप त्याच्यावर जीव टाकत होता. पण त्यानेही मुलाकडे पाहिलं ते पुस्तकासारखंच. शेवटच्या लढाईत हिकप एक पाय गमावतो आणि गॉबरने घडवलेला पाय लावून चालायला लागतो. टूथलेसला पंख बनवून देणाऱ्याला दुसऱ्या कोणीतरी पाय बनवून दिला. हा हिशोब कोणत्या अक्षरात बसवायचा?

पाचवी रात्र

पाचव्या रात्री भांडण नव्हतं. नागपूर आणि मी रूमवर होतो. मी तिला नळाची गोष्ट सांगितली. वाटलं, समजूत घालेल. ती म्हणाली, "सीन दाखव."

"काय?"

"तू म्हणतेस ना, मी आय आहे म्हणून मला समोर बोलता येत नाही. सीन दाखव."

मी ग्रुप डिस्कशन सांगितलं, मिनी प्रोजेक्ट सांगितला. तिने विचारलं, "शाळेत?" आणि मी अडकले. कारण शाळेत मी दरवर्षी इलोक्युशनला असायचे. सिस्टर मागे उभ्या असायच्या, गुडघे लटलटायचे, आणि तरी मी सगळ्या शाळेसमोर बोलायचे. दोनदा बक्षीसही मिळालं होतं. हे मी विसरले नव्हते. पण चार अक्षरं मिळाल्यापासून ते मोजणंच सोडून दिलं होतं. जे रीडिंग कर्व्हवर बसत नव्हतं ते मी गाळून टाकलं. लॅबमध्ये यालाच चोरी म्हणतात.

मला माणसांत थकायला होतं, हे आजही खरं आहे. गॅदरिंगनंतर मला दोन तास एकटीला हवे असतात. तेवढ्यापुरता तो 'आय' बरोबर आहे. पण 'स्प्रिंग पेडलपाशी का नाही?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन तास लागत नाहीत. केबल ढकलू शकत नाही, सर. एवढंच वाक्य होतं.

अभ्यासासाठी

वाचकांनी करून पाहाव्यात अशा तीन गोष्टी.

१. आवडता हिरो घ्या, रेमी उंदीर घ्या नाहीतर सिंबा घ्या. प्रत्येक अक्षरासाठी एक सीन बाजूने आणि एक सीन विरुद्ध शोधा. विरुद्ध सीन सापडत नसेल तर सिनेमा पुन्हा पाहा, तुम्ही झोपला होतात.

२. हेच रूममेटच्या बाबतीत करा. 'ती तशीच आहे' असं म्हणण्याआधी ती तशी वागली नव्हती असा एक प्रसंग आठवा.

३. मग स्वतःच्या बाबतीत. हा सगळ्यांत अवघड, कारण इथे साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असतो. त्यासाठी रूममेट लागते.

आमच्या दारावरचा कागद मी काढलेला नाही. फक्त चार अक्षरांपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय. या सेमिस्टरच्या प्रोजेक्ट रिव्ह्यूला ग्रुपमधून बोलणार आहे मी. रिपोर्ट आमची 'ई' लिहिणार आहे, आणि तिचं म्हणणं आहे की तिला लिहायला फार आवडतं, फक्त आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. आत्तापासूनच पोटात गोळा येतोय. पण नळाचा मॉडेल मी बरोबर नेणार आहे. रिव्ह्यूचा विषय वेगळा आहे, तरी नेणार आहे. एक्स्टर्नल म्हणून तेच सर आले तर एक उत्तर द्यायचं राहिलंय.